वकील-इ-मुतलक आणि आमचे मुतालिककाका

दौत_टाक
मी वानवडीत राहते. महादजी शिंद्यांची छत्री घरापासून चालत दहा मिनिटांवर. गेल्या रविवारी भाचरं आली होती, त्यांना दाखवायला नेलं (इतक्या वर्षांत मीही दुसऱ्यांदाच गेले, पुणेकर आहे शेवटी). भाच्यानं तिथेच मोबाइलवर वाचून काढलं की महादजींनी दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी 'वकील-इ-मुतलक' हे पद मिळवलं. "मावशी, मुतलक म्हणजे?" मी ठोकून दिलं, "मुतलक म्हणजे मुतालिक रे. दुय्यम कारभारी."

संध्याकाळी जिन्यात आमचे मुतालिककाका भेटले, त्यांना हा किस्सा सांगितला. ते भलतेच खूश. म्हणाले, "दुय्यम कसलं? मुतलक म्हणजे अमर्याद सत्ता. आमचं आडनाव त्यावरूनच." तेव्हापासून सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय निघाला की सत्ता गाजवल्यासारखं बोलतायत.

तर जाणकारांनो, खरं काय? आणि वकील म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं बोलणारा माणूस, त्याच्याकडे अमर्याद सत्ता कशी?

सीमावासी
दोघांचंही चुकलंय यावर माझे दहा रुपये. शेंगदाणे घेऊन बसलोय.

अलिफ_बे
सीमावासींचे निम्मे पैसे बुडाले. काकांनी अर्थ बरोबर सांगितला, आडनाव मात्र चुकीच्या घरात नेऊन ठेवलं.

मुतलक हा अरबी शब्द. त्याचं मूळ तोय-लाम-काफ या तीन अक्षरांचं, अर्थ सोडणं, मोकळं करणं. तलाक हा शब्द त्याच मुळातला. आपण सोडचिठ्ठी म्हणतो ना, अगदी तीच कल्पना. ज्याला सोडलंय, ज्याच्यावर कसलंही बंधन उरलेलं नाही, तो मुतलक. त्यावरून संपूर्ण, निखालस, बिनशर्त. उर्दूत 'मुतलक खबर नाही' म्हणजे अजिबात पत्ता नाही. ईश्वराला 'कादिर-ए-मुतलक' म्हणतात, म्हणजे सर्वशक्तिमान.

मुतालिक हे मूळ मुतअल्लिक. त्याची अक्षरं ऐन-लाम-काफ, अर्थ चिकटणं, लटकणं, संबंध असणं. जो दुसऱ्या कुणाशी जोडलेला आहे तो मुतअल्लिक. अधिकाऱ्याला जोडून त्याचं काम पाहणारा माणूस म्हणून मराठीत मुतालिक. तालुकाही याच मुळातला, कुणाच्या तरी ताब्याशी जोडलेला मुलूख.

म्हणजे एक सुटलेला आणि एक बांधलेला. मराठीनं ऐनचा घशातला उच्चार टाकून दिला, तोय आणि ते हे दोन्ही 'त' एकच केले, आणि हे दोघं जुळ्या भावांसारखे दिसायला लागले.

दौत_टाक
अर्थ अगदी उलट! काकांना कसं सांगू आता? मी त्यांच्या शेजारच्या गाळ्यात गाडी लावते हो.

हत्तीखाना
अलिफसाहेब, 'सुटलेला' वाचून गंमत वाटली, कारण आपला संस्कृतातून आलेला शब्दही तसाच आहे. निरंकुश. अंकुश म्हणजे माहुताच्या हातातला आकडा. तो नाही असा हत्ती निरंकुश. या शब्दात सत्तेबद्दल काहीच नाही, फक्त एक जनावर आहे आणि त्याच्या मानेवरचा माणूस गायब आहे.

आणि जुन्या पंडितांनी हे विशेषण राजांच्या आधी कवींना बहाल करून टाकलं होतं. 'निरंकुशाः कवयः'. व्याकरण मोडलं तरी कवीला माफ. आमच्या संस्कृतच्या बाई हे म्हणायच्या आणि लगेच बजावायच्या, "तुम्ही कवी नाही आहात."

अलिफ_बे
वा, हत्ती आणलात तर मी घोडा आणतो. उर्दूत एकतंत्री राजाला 'मुतलक-उल-इनान' म्हणतात. इनान म्हणजे लगाम. ज्याचा लगाम सैल सोडलाय असा. अनियंत्रित राजेशाहीला मुतलक-उल-इनानी. पाठ्यपुस्तकात हा शब्द शिकवताना मुलं आधी जीभ अडखळून हसतात, मग घोडा सांगितला की कधी विसरत नाहीत.

सीमावासी
बेलगाम! आता माझ्या बेळगावाबद्दल बोला कुणीतरी.

(आधीच सांगतो, वेणुग्रामावरून आलंय, वेणू म्हणजे बांबू. 'बे-लगाम'वरून नाही. पण ज्यांनी ज्यांनी आमच्यावर राज्य केलं त्यांचा कारभार बघता मला दुसरी व्युत्पत्ती जास्त पटते.)

हत्तीखाना
सीमावासी, 'बेबंद'सुद्धा त्याच रांगेतला. फारसी बंद म्हणजे बांधणं. बेबंदशाही म्हणजे दावं तुटलेला कारभार. मोकाटही तसाच, गुरांवरून आलेला. युरोपातही निराळं नाही. इंग्रजीतला ॲब्सोल्यूट लॅटिनमधून आला, तिथंही अर्थ 'सोडवलेला, मोकळा केलेला' हाच. रोमन कायदेपंडित उल्पियनचं वचन आहे, 'प्रिन्सेप्स लेगिबुस सोलुतुस एस्त', सम्राट कायद्यांच्या बंधनातून सुटलेला असतो.

शेरेबाज
हे सगळं ठीक, पण मराठी माणसाचा शब्द मोगलाई. "मोगलाई लागून गेलीय का?" एवढं म्हटलं की मुतलक, निरंकुश सगळे गप्प. आणि कोकणात झोटिंगशाही. झोटिंग म्हणजे भूत. भुताच्या राज्यात कुणाकडे दाद मागणार?

अलिफ_बे
सुलतानी विसरलात. अरबीत सुलतान म्हणजे मुळात माणूस नव्हेच, अधिकार, सत्ता. ती भाववाचक गोष्ट पुढे माणसाची पदवी झाली. मराठी शेतकऱ्यानं तिला तिसरा अर्थ दिला, संकट. अस्मानी आणि सुलतानी. आभाळातून येतं ते एक आणि दरबारातून येतं ते दुसरं. सत्ता या शब्दाचा अर्थ अवर्षणाच्या जोडीला नेऊन बसवणं यापेक्षा नेमकी टीका मला माहीत नाही.

बखरबहाद्दर
धागा शब्दांत अडकलाय, जरा इतिहास येऊ द्या. लांबलचक आहे, कंटाळा आला तर पुढे सरका.

मोगल दरबारात वकील म्हणजे बादशहाचा प्रतिनिधी, वजिराच्याही वरचा. अकबराच्या कोवळ्या वयात बैरामखान या पदावर होता आणि खरोखर राज्य चालवत होता. पुढे पद उरलं, वजन गेलं. औरंगजेबानंतर बहादूरशहा गादीवर आला तेव्हा त्याला आपला विश्वासू मुनीमखान वजीर करायचा होता. म्हाताऱ्या असदखानाला नाराज करता येत नव्हतं, तेव्हा त्याला वकील-इ-मुतलक केलं. नाव सगळ्यात मोठं, काम सगळ्यात कमी. (हा असदखान म्हणजे १६८९ मध्ये रायगड घेऊन येसूबाई आणि बाळ शाहू यांना कैद करणाऱ्या झुल्फिकारखानाचा बाप.)

आता महादजी. १७८४ च्या अखेरीस मोगल बादशहा शाह आलम त्यांच्या आश्रयाला आला. तेव्हाची म्हण प्रसिद्ध आहे, 'सल्तनत-ए-शाह आलम, अज दिल्ली ता पालम'. पालम म्हणजे आज जिथे विमानतळ आहे ते. नावाचा अर्थ जगाचा राजा, आणि राज्य विमानतळापर्यंत! अशा बादशहाकडून पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक हे पद आलं आणि महादजी त्यांचे नायब झाले. दिल्ली आणि आग्रा सुभ्यांचा कारभार आणि फौजेचं अधिपत्य हाती आलं. बदल्यात बादशहाच्या खर्चाला महिना ६५,००० रुपये द्यायचे ठरले, असं मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ सांगतो.

१७९२ च्या जूनमध्ये महादजी पुण्यात आले ते हे फर्मान आणि खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, घेऊन. आता पद पेशव्यांकडे वंशपरंपरा आणि नायबी शिंद्यांकडे वंशपरंपरा. नाना फडणीसांचा विरोध होता, विशेषतः 'महाराजाधिराज' अशा पदव्यांना, कारण छत्रपती साताऱ्यात बसलेले. शेवटी साताऱ्याहून रीतसर परवानगी आणली. समारंभासाठी भव्य डेरा उभारला, आणि त्यात शेवटाला एक रिकामं सिंहासन. बादशहा तिथे आहे असं मानायचं! त्यावर फर्मान आणि खिलत ठेवली होती. सवाई माधवरावांनी त्या रिकाम्या सिंहासनाला तीन वेळा मुजरा केला, १०१ मोहरा नजर केल्या आणि डाव्या बाजूला बसले. फर्मानं वाचली गेली, त्यात एक गोवधबंदीचंही होतं.

रिकाम्या आसनाला मुजरा करून 'अमर्याद सत्ता' घ्यायची. या एका दृश्यावर मी अर्धं आयुष्य बोलू शकतो, पण घरचे बोलू देत नाहीत.

दौत_टाक
बखरबहाद्दर, _/\_. वहाणांची गोष्ट याच वेळची ना?

बखरबहाद्दर
हो. तीही ग्रँट डफनं सांगितलेली. पेशव्यांच्या भेटीला महादजी आले ते सगळ्या मानकऱ्यांच्या खाली जाऊन बसले. वर बसा म्हटल्यावर काखेतलं गाठोडं सोडलं, त्यातून नव्या वहाणांचा जोड काढून पेशव्यांपुढे ठेवला. हे माझ्या वडिलांचं काम, तेच माझं, अशा अर्थाचं बोलले. आणि पेशव्यांचा जुना जोड उचलून काखेत धरला. एका हातात बादशाही फर्मान, दुसऱ्या काखेत वहाणा. महादजी स्वतःला नुसता पाटील म्हणवून घेत, त्यातली गोम हीच.

दस्तनोंदणी
मी या खात्यातून निवृत्त झालो. इतकी वर्षं कुलमुखत्यारपत्रं नोंदवली, म्हणून दौतताईंच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यावंसं वाटलं. वकिलाकडे अमर्याद सत्ता कशी?

वकील-इ-मुतलक म्हणजे सरळ आपला कुलमुखत्यार. आधी शब्द फोडू. मुखत्यार हा 'मुख' किंवा 'मुख्य'वरून आलेला नाही, लोक तसं समजतात. अरबी मुख्तार, निवडलेला, ज्याला निवडीचा हक्क आहे तो. अखत्यार त्याच मुळातला. खैरसुद्धा. 'कुल'चाही कुळाशी संबंध नाही, तोही अरबी, अर्थ सगळा. खास मुखत्यारपत्रात एखादंच काम असतं, समजा फक्त अमुक गटाचं खरेदीखत करून द्यायचं. कुलमुखत्यारपत्रात सगळं असतं. विका, गहाण ठेवा, कोर्टात उभे राहा.

लोक कागद हातात पडला की मालक झाल्यासारखे वागतात. माझ्या सख्ख्या नात्यात झालंय. परदेशातल्या भावानं एकाला कुलमुखत्यार केलं आणि त्यानं कोकणातली आंब्याची कलमं परस्पर विकून टाकली. पण कायद्यानं हा अधिकार कितीही मोठा असला तरी उसना आहे. देणारा काढून घेऊ शकतो, आणि देणारा वारला की साधारणपणे अधिकारही त्याच्याबरोबर जातो. १८७२ च्या करार कायद्यात कलम २०१ वाचा. मुखत्याराला पत्रापेक्षा मालकाच्या तब्येतीची काळजी जास्त असायला हवी!

बखरबहाद्दर
साहेब, तुम्ही नकळत १७८८ सांगितलंत. त्या वर्षी गुलाम कादिर रोहिल्यानं दिल्ली घेतली, शाह आलमला गादीवरून काढलं, बेदार बख्तला बसवलं आणि ऑगस्टमध्ये म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. ऑक्टोबरात मराठी फौजेनं दिल्ली परत घेतली. सेनानी होता राणेखान, पानिपतावरून जखमी महादजींना वाचवणारा तोच भिस्ती. आंधळ्या शाह आलमला पुन्हा गादीवर बसवलं. गुलाम कादिर पकडला गेला आणि १७८९ च्या मार्चमध्ये हाल करून मारला गेला.

आपल्याकडे हे महादजींच्या स्वामिनिष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतात. असेलही. पण तुमच्या खात्याच्या नजरेनं पाहिलं तर पत्र लिहून देणाराच गादीवरून गेला, की पत्राची किंमत रद्दीची. नव्या बादशहानं दुसऱ्याच कुणाला मुखत्यार नेमलं असतं.

शेरेबाज
म्हणजे महादजींना फक्त सहीचा धनी हवा होता? हे जरा जास्तच होतंय. अख्ख्या हिंदुस्थानात त्या आंधळ्या म्हाताऱ्याची बाजू घेणारं दुसरं कोण होतं तेव्हा?

बखरबहाद्दर
'फक्त' मी म्हटलेलं नाही. दया आणि दस्तऐवज एकाच वेळी खरे असू शकतात. गुलाम कादिरला भोगाव्या लागलेल्या शिक्षेत सूड होता, नुसता हिशेब नव्हता. पण फौज, तोफा, डिबॉईन या फिरंगी सेनानीची पलटणं, सगळं स्वतःचं असताना त्यांना त्या कागदाची गरज का वाटली याचा विचार करा. जाट, राजपूत, रोहिले यांच्याकडे खंडणी मागायची तर 'मी बलवान आहे' एवढं पुरत नव्हतं. 'बादशहाच्या वतीनं मागतोय' म्हणावं लागे.

अलिफ_बे
मधेच एक योगायोग. गुलाम कादिर या नावाचा अर्थ कादिरचा, म्हणजे सर्वशक्तिमानाचा, दास. वर कादिर-ए-मुतलक लिहिलं तेव्हा हे डोक्यात आलं नव्हतं.

गझलप्रेमी
भाबडा प्रश्न. गझलेचा मतला यातलाच का? म्हणजे पहिला मोकळा सोडलेला शेर?

अलिफ_बे
नाही हो. मतला 'तुलू'वरून, उगवणं. सूर्य उगवतो ती जागा. शेवटचं अक्षर ऐन आहे, काफ नाही. पण तुमची व्युत्पत्ती गोड आहे, मुशायऱ्यात खपून जाईल.

दौत_टाक
मुतलकचा विरुद्धार्थी काय मग? मुतालिक?

अलिफ_बे
दिसायला छान, पण नाही. राज्यकारभारात विरुद्ध शब्द मश्रूत, आणि तो तुमच्या ओळखीचा आहे. त्यात आपली शर्त बसलीय. ज्याला शर्ती घातल्या आहेत तो मश्रूत. तुर्कांनी याचा पुरेपूर उपयोग केला. ऑटोमन सुलतानाच्या अनियंत्रित राज्याला मुतलकियत, आणि १८७६ मध्ये पहिली राज्यघटना आली तेव्हा तिच्या राज्याला मश्रूतियत. सुलतान अब्दुल हमीदनं ती दोन वर्षांत गुंडाळून ठेवली, १९०८ मध्ये पुन्हा आणावी लागली.

मला हे तुर्की शब्द आवडतात. आपण 'घटनात्मक राजेशाही' असा जड शब्द केला. त्यांनी म्हटलं, शर्तीवाला राजा.

हत्तीखाना
आणि हुकूमशहाला आपण काय केलं? हुकूम अरबी, शहा फारसी, प्रत्यय लावून मराठी. ज्या रोमन डिक्टेटरचं हे भाषांतर समजलं जातं तो मुळात मुदतीचा नोकर होता. संकटकाळी नेमायचा, जास्तीत जास्त सहा महिने, मग घरी. सुल्ला या रोमन सेनानीनं मुदतच काढून टाकली आणि सीझरला इ.स.पू. ४४ मध्ये कायमचा डिक्टेटर केलं. त्यानंतर त्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

शेरेबाज
सर्वाधिकारी राहिला. १९३९ च्या हैदराबादच्या आर्य सत्याग्रहात पुढाऱ्याला सर्वाधिकारी म्हणत. माझे आजोबा त्यात तुरुंगात गेले होते. त्यांच्या तोंडी तो शब्द ऐकताना मला वाटायचं, केवढा मोठा अधिकार असेल! तर ते सांगायचे, "सर्वाधिकाऱ्याचा अधिकार एकच, सगळ्यांच्या आधी अटक व्हायचा." तो पकडला गेला की पुढचा सर्वाधिकारी.

सीमावासी
हे झक्कास. सीमासत्याग्रहाच्या आठवणी आमच्याही घरात आहेत, पण तो वेगळा धागा, आणि तो काढला की संपादक कुलूप लावतात.

बखरबहाद्दर
मुतालिकांवर अन्याय नको, म्हणून एक नोंद. १७५० मध्ये सांगोल्याला प्रतिनिधींचे (हे छत्रपतींच्या दरबारातलं मोठं पद) मुतालिक यमाजी शिवदेव यांनी बंड केलं. सदाशिवरावभाऊ त्यांच्यावर चालून गेले. तिथेच छत्रपती रामराजांशी झालेल्या करारानं मराठी राज्याचा कारभार पेशव्यांच्या हाती गेला. म्हणजे दिल्लीचं मुतलक पद पुण्यात यायच्या ४२ वर्षं आधी पेशवे घरचे मुतलक झालेच होते, आणि निमित्त झाला एक मुतालिक. काकांना हे सांगा, शेजारचा गाळा वाचेल.

पानमळा
नमस्कार मंडळी, मी अंजनगाव सुर्जीचा. पहिल्यांदाच लिहून राहिलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

या गोष्टीचा शेवट आमच्या गावचा हाय. १८०३ च्या सप्टेंबरात इंग्रजांचा सेनापती जनरल लेक यानं दिल्ली घेतली, आंधळा शाह आलम इंग्रजांच्या हाती गेला. मग असईची लढाई झाली, आडगावची झाली, गाविलगड पडला. ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंद्यांनी आमच्या इथं इंग्रज सेनानी वेलस्लीशी तह केला. त्यात दिल्ली, आग्रा, गंगा-यमुनेमधला दोआब गेलंच. पण एक कलम शाह आलमबद्दल होतं. बादशहावरचे सगळे हक्क शिंद्यांनी सोडले, आणि पुढं त्याच्या कारभारात हात घालणार नाही असं लिहून दिलं.

शाळेत आम्हाला 'सुर्जी अंजनगावचा तह' एवढी एक ओळ होती. गाव आमचंच, म्हणून परीक्षेत कोणीच चुकत नसे. पण त्या कागदावर काय सोडलं ते आज समजलं. मुतलक म्हणजे सोडलेला, आणि ते सोडलं आमच्या गावात. आता गावात पानमळे हायत, तहाची खूण विचाराल तर पाहुण्याला काय दाखवावं ते आम्हालाच समजत नाही.

दस्तनोंदणी
पानमळाभाऊ, हे आमच्या भाषेत मुखत्यारपत्र रद्द केल्याचा लेख. फरक इतकाच की तो लिहून दिला मुखत्यारानं. मालक दिल्लीत दुसऱ्याच्या ताब्यात.

सीमावासी
माझे दहा रुपये कोण देणार?

दौत_टाक
सगळ्यांचे आभार. वाचनखूण साठवली आहे.

काल काकांना सगळं सांगितलं. तलाक आणि मुतलक ऐकून चेहरा पडला, पण सांगोल्याच्या बंडावर एकदम खुलले. मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे तालुका आणि आम्ही एकाच मुळातले?" मी म्हटलं, हो. तर म्हणाले, "सातबाऱ्यावरची नोंद दुरुस्त करायला आठ महिने तालुक्याला खेटे घालतोय. हे आधी कळलं असतं तर नातं सांगितलं असतं."

गाळ्याचं अजून काही बोलले नाहीत.